अथेन्सहून एक दिवस प्राचीन कॉरिंथ : प्रायव्हेट टूर घेतली, पण ‘गाइड’ गेटबाहेरच राहिला

खिडकीजवळची_सीट | रात्री १०:४०

दिवाळीच्या सुट्टीत ग्रीसला जाऊन आलो. मी, नवरा, सहावीतला चिरंजीव आणि सासूबाई (वय ७१, गुडघ्यांचं वय त्याहून जास्त). अक्रोपोलिसवर इथे आधीच ढीगभर धागे आहेत त्यामुळे ते सोडते, हा धागा फक्त कॉरिंथच्या एका दिवसाबद्दल, कारण त्यात आमची फजिती झाली आणि तरीही ट्रिपमधला सगळ्यात लक्षात राहिलेला दिवस तोच आहे.

अथेन्सपासून कॉरिंथ ऐंशीएक किलोमीटर. ट्रेन-बस-टॅक्सी हा खेळ आईंना घेऊन नको म्हणून आम्ही ऑनलाइन एक ‘प्रायव्हेट फुल डे टूर’ बुक केली, काळी चकचकीत व्हॅन, हॉटेलवरून पिकअप, आठ तास, चौघांचे मिळून साडेतीनशे युरो. नवरा म्हणाला एवढ्यात अलिबागला चार वेळा जाऊन येऊ. जुन्या काळी म्हणे तिकडे म्हणच होती की कॉरिंथला जाणं प्रत्येकाच्या नशिबी नसतं, इतकं महाग शहर. म्हटलं चला, परंपरा पाळली.

ड्रायव्हर माणूस लाख. रस्ताभर बोलत होता, डावीकडे समुद्र, हे सलामिस बेट, इथे पर्शियन आरमार बुडवलं वगैरे. आम्हाला वाटलं व्वा, गाइड झकास मिळालाय. पहिला स्टॉप कॉरिंथचा कालवा, दोन समुद्र जोडणारा. पुलाच्या मधोमध उभं राहून खाली बघितलं की पोटात गोळा येतो, दोन्ही बाजूंना सुरीने कापल्यासारखे उभे कडे आणि तळाशी निळ्या पाण्याची पट्टी. चिरंजीवांना तिथे बंजी जंप करायची होती, त्यावर चर्चा झाली नाही.

मग प्राचीन कॉरिंथच्या गेटवर आलो. तिकिटं काढली, मी मागे वळून बघते तर हा गाडीला टेकून उभा! म्हणाला, मॅडम मला आत येऊन माहिती सांगता येत नाही, कायदा आहे, आत फक्त परवानाधारक गाइड चालतो, मी ड्रायव्हर आहे, दीड तासाने इथेच भेटू. अहो मग साडेतीनशे युरो कशाचे? नंतर बुकिंगचं पान परत उघडून वाचलं तर खाली बारीक अक्षरात ‘इंग्रजी बोलणारा ड्रायव्हर’ असंच होतं. वर ठळक अक्षरात टूर, खाली बारीक अक्षरात ड्रायव्हर.

तर आम्ही चौघं त्या दगडांत. नवऱ्याने फोनवर वाचून दाखवायला सुरुवात केली, उन्हात स्क्रीन दिसेना. सात खांब उभे आहेत ते अपोलोचं देऊळ एवढं कळलं. बाकी सगळीकडे जोती, जोती आणि जोती. आई एका दगडावर बसल्या आणि म्हणाल्या, “अगं पण हे कोणाचं काय होतं ते सांगणारं कोणीच नाही का?”

त्यानंतर ड्रायव्हरने जेवायला नेलं (आम्ही न सांगता), मग ऑलिव्ह तेलाच्या दुकानात नेलं (आम्ही अजिबात न सांगता), आणि आक्रोकॉरिंथ म्हणजे वरच्या किल्ल्यावर पोचेपर्यंत पावणेतीन वाजले. नोव्हेंबरात तो साडेतीनला बंद होतो! नवरा आणि चिरंजीव पहिल्या दोन दरवाजांपर्यंत पळत जाऊन आले, मी आणि आई गेटसमोरच्या कॅफेत. वर हेही कळलं की नोव्हेंबर ते मार्च महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी साइट्स फुकट असतात. आम्ही गेलो शनिवारी. पहिल्या रविवारच्या आदल्या शनिवारी.

म्युझियममध्ये मात्र एक गोष्ट अशी बघितली की आई अजून सगळ्यांना सांगतायत, त्याबद्दल नंतर लिहीन, आता झोप येतेय. प्रश्न असा: अशा टूरमध्ये खरा गाइड मिळवायचा कसा? आणि ज्यांनी कॉरिंथ नीट बघितलंय त्यांनी प्लीज सांगा आम्ही नक्की काय बघितलं :)

घाटवाट | रात्री ११:१५

आक्रोकॉरिंथ अर्धा सोडलात? अरेरे. मी दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात गेलो होतो, साडेतीन तास वर होतो आणि तरी कमी पडले. ५७५ मीटर उंचीचा सुटा डोंगर, गाडी बऱ्यापैकी वर जाते, पण पुढची चढण गुळगुळीत झालेल्या दगडी फरसबंदीवरून आहे, चपला घालून गेलात तर गेलातच.

एकामागे एक तीन दरवाजे. आपल्याकडच्या गडांचा दरवाजा बुरुजांच्या आड लपवलेला असतो, शेवटच्या वळणापर्यंत दिसत नाही. इथे तसं काही नाही, तिन्ही तटबंद्या खालूनच छाती काढून समोर दिसतात, ये म्हणतात. मजा ही की तिसऱ्या दरवाजाच्या उजव्या बुरुजाजवळ जा आणि दगड बघा. खालचे मोठे, काटेकोर कापलेले ते इ.स.पूर्व चौथ्या शतकातले, त्यावर बायझंटाइन, मग फ्रँक (पश्चिम युरोपातले क्रूसेडवाले), मग व्हेनिसवाले, मग तुर्क, ज्याने त्याने आपापल्या कुवतीप्रमाणे डागडुजी केलेली. एकाच भिंतीत दोन हजार वर्षांचे गवंडी. मी तिथेच डबा खाल्ला.

अगदी माथ्यावर अफ्रोदिती देवीच्या देवळाचा पाया आहे, आणि खाली उतरताना वरच्या पिरीनी झऱ्याची पायऱ्यांची विहीर. एवढ्या उंचीवर पाणी! गडावर पाणी असलं की गड टिकतो हे तिकडेही तेच. फ्रँक लोकांनी वेढा घातला तेव्हा लिओ स्गुरोस नावाचा सरदार वर तीन-चार वर्षं टिकून होता. शेवटी घोड्यासकट कड्यावरून उडी मारली अशी आख्यायिका आहे.

क्रम नेहमी उलटा ठेवा. सकाळी आधी किल्ला, मग खालचं शहर, मग म्युझियम, कालवा परतताना. सगळ्या टूरवाल्यांना कालवा आधी हवा असतो कारण तो हायवेवर आहे.

झंपी | रात्री ११:३२

पहिल्या रविवारच्या आदल्या शनिवारी 😂 ताई तुमच्या नवऱ्याची काय प्रतिक्रिया होती ते लिहा आधी

खिडकीजवळची_सीट | सकाळी ८:०५

@झंपी, तो काही बोलला नाही. तेच वाईट असतं.
@घाटवाट, क्रमाचं पटलं. पण सकाळी ड्रायव्हरला कोण सांगणार, आम्हाला काय माहीत किल्ला लवकर बंद होतो.

जुनी_नाणी | सकाळी ९:४८

दोन गोष्टी.

पहिली, ड्रायव्हर खोटं बोलला नाही. ग्रीसमध्ये प्राचीन स्थळांवर आणि म्युझियममध्ये माहिती सांगायचं काम परवाना असलेल्या गाइडनेच करायचं असा नियम आहे, त्यांचं शिक्षण वेगळं असतं आणि गळ्यात बॅज असतो. म्हणजे ‘प्रायव्हेट टूर’ या शब्दात गाडी प्रायव्हेट असते, गाइड असेलच असं नाही. बुक करताना एकच प्रश्न विचारायचा, “गेटच्या आत आमच्याबरोबर कोण येणार?” उत्तर गोलगोल आलं की समजायचं. परवानाधारक गाइड वेगळा घेतला तर त्याचे पैसे वेगळे आणि ते कमी नसतात, पण मी तर म्हणेन गाडी साधी घ्या, गाइड चांगला घ्या.

दुसरी, थोडं चोखंदळपणे. तुम्ही प्राचीन ग्रीक शहर बघायला गेलात आणि बघितलंत मुख्यतः रोमन शहर! इ.स.पूर्व १४६ मध्ये रोमन सेनापती मुम्मियसने कॉरिंथ धुळीला मिळवलं, पुरुष मारले, बायका-मुलं विकली. इतिहासकार पॉलिबियसने लिहिलंय की सैनिक नामांकित चित्रकारांची चित्रं जमिनीवर टाकून त्यांच्यावर सोंगट्या खेळत बसले होते. आणि मुम्मियसबद्दल तर असं सांगतात की लुटीतली शिल्पं जहाजांवर चढवताना त्याने ठेकेदारांना दम भरला, काही हरवलं-फुटलं तर तुम्हाला नवीन भरून द्यावं लागेल. म्हणजे जुन्या मास्टरचा पुतळा फुटला तर तसाच नवीन आणून द्या, कपबशी फुटल्यासारखं.

त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं ती जागा ओसाडच म्हणायची. इ.स.पूर्व ४४ मध्ये ज्युलियस सीझरने तिथे नवी वसाहत वसवली, आणि आणून वसवले कोण तर बरेचसे गुलामगिरीतून सुटलेले लोक. म्हणजे तुम्हाला दिसलेली जोती, दुकानांची रांग, चौक, दगडी फरशीचा लेखायन बंदराकडचा रस्ता हे त्या नव्या मंडळींचं. जुनं ग्रीक डोळ्यासमोर उभं आहे ते अपोलोचं देऊळ, इ.स.पूर्व सहाव्या शतकाच्या मध्याचं. अक्रोपोलिसवरच्या पार्थेनॉन देवळाच्या आधी शंभरएक वर्षं.

त्या सात खांबांजवळ उभ्या होतात तेव्हा एक गोष्ट बघितलीत का? पार्थेनॉनचा खांब गोल चकत्या एकावर एक ठेवून रचलेला आहे, सांधे दिसतात. कॉरिंथचा एकेक खांब अखंड एकाच दगडाचा आहे, सात मीटरच्या वर. असे ३८ होते. म्हणजे खाणीतून तेवढा लांब दगड न मोडता काढायचा, आणायचा, उभा करायचा, ३८ वेळा. जाडेभरडे, ठेंगणे दिसतात, पार्थेनॉनची नजाकत नाही, पण मला तेच आवडतात. जवळून बघितलं तर कुठे कुठे गिलाव्याचे पापुद्रे अजून चिकटलेले दिसतात, चुनखडीचा दगड संगमरवरासारखा दिसावा म्हणून लावलेला.

वसईवाला | सकाळी ११:२०

आमच्याकडे कॉरिंथ म्हटलं तर कोणी ओळखणार नाही, आमचं ते करिंथ. लहानपणापासून चर्चमध्ये बायबलमधलं ‘करिंथकरांस पत्र’ ऐकत मोठा झालो आणि लग्नात तर तो प्रीतीचा तेरावा अध्याय वाचल्याशिवाय फादर सोडत नाहीत. तर ते करिंथकर म्हणजे हेच, या दुकानांच्या रांगेत राहणारे. ते पत्र लिहिणारा संत पौल इथे दीड वर्ष राहिला, अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या नवराबायकोबरोबर राहुट्या शिवायचं काम करून. म्हणजे दिवसा धंदा, बाकी वेळ उपदेश.

चौकाच्या मध्यावर एक उंच दगडी ओटा दिसला असेल, तो बेमा, न्यायासन. तिथे पौलाला गल्लियो नावाच्या रोमन अधिकाऱ्यासमोर उभं केलं आणि त्याने केस ऐकूनही घेतली नाही, तुमच्या धर्माची भांडणं तुम्ही बघा म्हणाला. हा गल्लियो तत्त्वज्ञ सेनेकाचा सख्खा भाऊ. त्याचं नाव डेल्फीच्या एका शिलालेखात सापडलं, त्यावरून तो इथे इ.स. ५१-५२ च्या सुमारास होता हे कळतं, आणि पौलाच्या आयुष्यातल्या बाकीच्या तारखा त्या एका दगडावरून मोजतात.

पण माझी सगळ्यात आवडती जागा गेटच्या आत नाहीच, बाहेर आहे! जुन्या थिएटरजवळ फरसबंदीत एक लांबट दगड आहे, त्यावर लॅटिन अक्षरं, एरास्तसने नगर-अधिकारीपदाच्या बदल्यात स्वखर्चाने फरसबंदी केली. अक्षरांच्या खोबणीत पूर्वी पितळ की कांस्य ओतलेलं होतं, ते कोणीतरी केव्हाच उपटून नेलं, आता नुसत्या रिकाम्या खोबणी, त्यात बोट घातलं तर आत मातीचे कण आणि मुंग्या. पौलाच्या रोमकरांच्या पत्रात एरास्त नावाचा शहराचा कारभारी येतो. तोच हा का, यावर विद्वान भांडतात.

झंपी | सकाळी ११:२६

म्हणजे ‘मा. नगरसेवक एरास्तसभाऊ यांच्या सौजन्याने’ 😄 फरक एवढाच की यांनी खरंच स्वतःच्या खिशातून केलं

वसईवाला | सकाळी ११:३१

आणि दोन हजार वर्षं झाली तरी एकही फरशी उखडलेली नाही, मुद्दाम मोजल्या.

फ्रँकफुर्टी_वडापाव | दुपारी २:१०

राग नका मानू पण ३५० युरो म्हणजे चक्क लूट आहे, ड्रायव्हर-गाइड हा सगळा प्रकार टुरिस्टला गंडवायचा आहे. मी आणि मित्र असेच गेलो होतो. अथेन्सहून प्रोआस्तियाकोस म्हणजे तिथली उपनगरी ट्रेन थेट कॉरिंथला जाते, नाहीतर किफिसोस बसस्थानकावरून बस आहे, ती इस्थमोसला कालव्याजवळ सोडते. नव्या कॉरिंथहून जुनं सातेक किलोमीटर, टॅक्सी केली. नवं शहर वेगळं का तर १८५८ च्या भूकंपात जुनं गाव पडलं म्हणून समुद्राजवळ नवीन वसवलं, हे त्या टॅक्सीवाल्यानेच सांगितलं, फुकटात.

आणि कालवा वरच्या पुलावरून बघून काय मिळतं? फोटो. खरी गंमत टोकाला, इस्थमियाला. तिथे पाण्यात बुडणारा पूल आहे! बोट आली की पूल वर उचलत नाहीत, खाली पाण्यात सोडतात, चांगला आठेक मीटर, वरून बोट निघून जाते आणि मग पूल ठिबकत वर येतो. आणि वर येताना कधीकधी फळ्यांवर मासे तडफडत असतात, पोरं तयारच असतात उचलायला. आम्ही शेजारच्या कॅफेत कॉफी घेऊन दोन तास बसलो, तीन बोटी गेल्या. एका आजोबांच्या हातात पिशवी होती, त्यांचा रोजचा कार्यक्रम असावा.

खिडकीजवळची_सीट | दुपारी ३:००

@फ्रँकफुर्टी_वडापाव, राग नाही आला, पण तुमच्याबरोबर मित्र होता, माझ्याबरोबर सासूबाई होत्या. आपण नुसतं जाऊन येणं वेगळं आणि ७१ वर्षांच्या माणसाला घेऊन प्लॅटफॉर्म शोधत फिरणं वेगळं. दारातून दारात गाडी, मध्ये तीन वेळा बाथरूमसाठी थांबणं, पाण्याच्या बाटल्या, आईंना पाय लांब करता येतील अशी सीट, या गोष्टींचे पैसे मी परत देईन. माझी तक्रार गाडीबद्दल नाहीच, ‘टूर’ या शब्दाबद्दल आहे.

पण तो बुडणारा पूल हुकला हे वाचून चिरंजीव माझ्याशी बोलत नाहीये. आता घरात दोघं बोलत नाहीयेत.

फ्रँकफुर्टी_वडापाव | दुपारी ३:१८

ओके ते पटलं. माझ्या आईला घेऊन गेलो असतो तर मीही व्हॅनच केली असती, शब्द मागे. लूट हा शब्द मागे, महाग हा ठेवतो.

जुनी_नाणी | दुपारी ४:०२

कालव्याचा विषय निघालाच आहे तर. कॉरिंथ श्रीमंत झालं ते या चिंचोळ्या पट्टीमुळे, दोन समुद्र आणि मध्ये जेमतेम सहा किलोमीटर जमीन. नाहीतर अख्ख्या पेलोपोनीजला म्हणजे ग्रीसच्या दक्षिणेकडच्या द्वीपकल्पाला वळसा, आणि त्यात मालेआ भूशिराचे वारे. म्हणून इ.स.पूर्व सहाव्या शतकाच्या सुमारास दगडी फरसबंदीचा एक मार्गच केला, दिओल्कोस, त्यावरून माल आणि हलकी जहाजं ओढत एका समुद्रातून दुसऱ्यात न्यायची. दोन्ही बंदरं कॉरिंथची, जकात कॉरिंथची. आपल्याकडे नाणेघाटात जकातीचा रांजण दाखवतात ना, धंदा तोच, फक्त इथे घाटाच्या दोन्ही तोंडांना समुद्र.

कालव्याचं भूमिपूजन केलं रोमन सम्राट नीरोने, इ.स. ६७ मध्ये, सोन्याच्या कुदळीने म्हणतात. सहा हजार ज्यू युद्धकैदी कामाला लावले. पुढच्या वर्षी नीरो मेला, काम बंद. मग थेट १८८२ मध्ये परत सुरुवात, आणि मजा म्हणजे आधुनिक इंजिनिअरांनीही जवळपास नीरोचीच रेषा पकडली. मूळ कंपनी बुडाली, दुसरीने पूर्ण केलं, १८९३ मध्ये उद्घाटन. आणि त्याच १८९३ मध्ये ग्रीस देशाने दिवाळं जाहीर केलं.

वर आणखी घोटाळा हा की होईपर्यंत जहाजं मोठी झाली आणि कालवा अरुंद राहिला, पाण्याच्या पातळीला पंचवीसेक मीटर. कडे ठिसूळ, दरडी कोसळतात, २०२१ च्या सुरुवातीला तशीच मोठी कोसळली आणि कालवा बराच काळ बंद होता. ऑक्टोबर २०१९ मध्ये ब्रेमार नावाचं १९५ मीटर लांबीचं क्रूझ जहाज गेलं, रुंदी साडेबावीस मीटर. दोन्ही बाजू मिळून दोनेक मीटर मोकळे.

झंपी | दुपारी ४:१०

आमच्या सोसायटीच्या गेटमधून टेम्पो ट्रॅव्हलर काढणारा तो ड्रायव्हर पाठवा त्यांना

तासगावचा_बेदाणा | संध्याकाळी ६:३५

कुणीच कसं बोललं नाही? कॉरिंथ म्हणजे आमच्या धंद्यातलं नाव आहे! इंग्रजीत त्या बारीक काळ्या मनुकेला करंट म्हणतात ना (शॉकवाला नव्हे), तो शब्दच कॉरिंथवरून आला, ‘कॉरिंथच्या मनुका’ असं म्हणता म्हणता नुसतं करंट राहिलं. द्राक्षाची जातही ब्लॅक कॉरिंथ. मणी एवढा बारीक की वाळल्यावर मिऱ्यापेक्षा जरासाच मोठा, बी नाही, आंबटगोड. केकमध्ये घालायची ती.

एकोणिसाव्या शतकात ग्रीसची सगळ्यात मोठी निर्यात हीच. फ्रान्समध्ये द्राक्षवेलींना फिलोक्सेराची कीड लागली तेव्हा त्यांनी दारूसाठी ग्रीसची मनुका धडाधड उचलली, भाव वर, इकडे लोकांनी ऑलिव्ह तोडून द्राक्ष लावलं. मग फ्रान्सच्या बागा परत उभ्या राहिल्या आणि १८९० च्या दशकात भाव असा आपटला की गावंच्या गावं अमेरिकेला निघून गेली. वरती दिवाळ्याचं साल लिहिलंय त्यात याचाही हात आहे. हे वाचलं की आमच्याकडच्या कुठल्याही द्राक्ष बागायतदाराला आतून कळतं, वेगळं सांगावं लागत नाही.

खिडकीताई, बाजारातून आणली का थोडी? आणली असेल तर सांगा कशी वाळवलीय, आम्ही डिपिंग ऑइलमध्ये बुडवून शेडवर जाळीवर टाकतो म्हणून आमचा बेदाणा हिरवट-पिवळा राहतो, तिकडचं द्राक्षच मुळात काळं.

खिडकीजवळची_सीट | संध्याकाळी ७:२०

@तासगावचा_बेदाणा, अहो आणली ना! तेलाच्या दुकानातून अर्धा किलो, तो एकच पदार्थ आम्ही तिथे स्वखुशीने घेतला. आईंनी शिऱ्यात घातली, नवऱ्याला वाटलं शिरा करपला.

पालक_पनीर | संध्याकाळी ७:४१

मार्चमध्ये जायचा विचार आहे, शुद्ध शाकाहारी आहोत, अंडंही नाही. कॉरिंथ साइडला काही मिळेल का की ठेपले नेऊ

वसईवाला | संध्याकाळी ७:५८

एक शब्द पाठ करा, निस्तिसिमो. म्हणजे उपवासाचं. ईस्टरच्या आधी त्यांचे मोठे उपवास चालतात, त्यात मांस-मच्छी-दूध-अंडं काही चालत नाही, मार्चमध्ये बहुतेक तोच काळ असेल. यिगांदेस म्हणून टोमॅटोत शिजवलेले मोठे पांढरे दाणे मिळतात, आपल्या डबल बीसारखे, पावाबरोबर मस्त. फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरणच, वर कांदा.

फक्त एक धोका. त्यांच्या उपवासाला रक्त नसलेले समुद्री प्राणी चालतात. म्हणजे उपवासाचं मागितलं आणि पुढ्यात ऑक्टोपस आला तर वेटरची चूक नाही.

पालक_पनीर | संध्याकाळी ८:०१

ठेपले नेतो.

घाटवाट | संध्याकाळी ८:३०

खिडकीताई, म्युझियमचं राहिलं. आईंनी काय बघितलं?

खिडकीजवळची_सीट | रात्री ९:५५

हो तेच लिहायला बसले.

म्युझियम साइटच्या आतच आहे, छोटंसं. आधी चिरंजीवांची आवड, चोरी! एप्रिल १९९० मध्ये इथे दरोडा पडला, पहारेकऱ्याला बांधून घातलं आणि पावणेतीनशेच्या आसपास वस्तू नेल्या. १९९९ मध्ये त्या बहुतेक सगळ्या अमेरिकेत मायामीला एका गोदामात सापडल्या, माशांच्या क्रेटमध्ये लपवलेल्या. आणि दोन तरुणांचे संगमरवरी पुतळे आहेत, शेजारी शेजारी उभे, तेही २०१० मध्ये तस्करांच्या हातून सोडवलेले. ओठांवर किंचित हसू. मुलगा म्हणाला, हे सुटल्यामुळे हसतायत.

मग एका बाजूला काचेत आईंना दिसले मातीचे हात. भाजलेल्या मातीचे, अगदी माणसाच्या मापाचे. हात, पाय, कान, स्तन, डोळे, केसांसकट अर्धं डोकं. मी बावळटासारखी म्हटलं मूर्ती फुटल्या असतील. आई म्हणाल्या, “फुटल्या नाहीत गं, नवसाचे आहेत.” आणि खाली पाटीवर तेच! अस्क्लेपिओस म्हणजे त्यांचा वैद्यदेव, त्याच्या देवळात इ.स.पूर्व पाचव्या-चौथ्या शतकात लोकांनी वाहिलेले अवयव. ज्याचं जे दुखत होतं ते बरं झालं की त्याची मातीची प्रत आणून वाहायची. आई आमच्या देवीला चांदीचे डोळे वाहून आल्या होत्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर, त्यांना कोणी सांगावं लागलंच नाही.

एक पाऊल होतं, बोटांची नखंसुद्धा काढलेली, अंगठा जरा वाकडा. घडवणाऱ्याने तसाच वाकडा ठेवलेला, की ज्याचा पाय त्याचाच अंगठा वाकडा होता. आई त्यासमोर दहा मिनिटं उभ्या होत्या, बसल्या नाहीत, गुडघे दुखतात म्हणाल्या नाहीत. सकाळपासून पहिल्यांदा त्या आम्हाला माहिती देत होत्या. बाजूला एक जर्मन जोडपं होतं, आईंनी त्यांनाही मराठीत समजावलं, हाताने डोळे दाखवून, गुडघा दाखवून, वर देवाकडे बोट. त्यांनी मान डोलावली. गेटच्या आतला गाइड आम्हाला शेवटी तो मिळाला, बिनपरवान्याचा :)

वसईवाला | रात्री १०:१२

काय लिहिलंत. अंगावर काटा आला. आणि बघा, आमचा पौल कॉरिंथ सोडून जाताना किंख्रिया बंदरात केस कापून घेतो असं प्रेषितांच्या पुस्तकात आहे, का तर त्याने नवस केला होता. दीड वर्ष त्या शहरात उपदेश केला आणि निघताना स्वतःचा नवस फेडून निघाला. किंख्रिया कॉरिंथपासून जवळच, पाण्यात बुडालेले जुन्या बंदराचे धक्के अजून दिसतात.

जुनी_नाणी | रात्री १०:२५

मीही त्या काचेसमोरून गेलोय आणि ‘व्होटिव्ह ऑफरिंग्ज’ वाचून पुढे गेलोय. आईंना नमस्कार सांगा.

खिडकीजवळची_सीट | दुसऱ्या दिवशी, दुपारी १:३०

अपडेट. कंपनीला मेल केली होती, उत्तर आलं, बुकिंगच्या पानावर ड्रायव्हर असंच लिहिलेलं होतं, पैसे परत मिळणार नाहीत, पुढच्या टूरवर दहा टक्के सूट देऊ. नवरा बोलायला लागला, जे बोलला ते इथे लिहीत नाही.

@वसईवाला, आई विचारतायत, वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेत मेणाचे हात-पाय मिळतात ना, तिथे नुसता गुडघा मिळतो का?

वसईवाला | दुपारी १:४४

गुडघा सुटा बघितला नाही कधी. अख्खा पाय घ्यावा लागेल. त्यांना सांगा सप्टेंबरात या, मी घेऊन जाईन, चढण आहे पण गाडी अगदी वरपर्यंत जाते.